शनिवारचा ओरडा गुरुवारी

गुरुवारी सेरवा शाळेत शिकवून घरी आली. चपला काढतेय तोवर अंगणातून आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"लाज नाही वाटली? भर मयतीत वडीलधाऱ्यांशी हात मिळवताना डावा पुढे केलास!"

"आई, मयतीचा विधी परवा आहे. शनिवारी."

"आणि वर तोंड करून बोलतेस!"

सेरवाच्या डोक्यात तिडीक गेली. तीन महिने हेच चाललं होतं. तिची आई पोकुआ म्हणजे घानातल्या अख्ख्या माम्पाँग गावातली गरीब स्वभावाची बाई, जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं. आता ऊठसूट लेकीवर खेकसायची, तेही न केलेल्या गोष्टींवरून. सूप खारट केलंस म्हणे, चुलीवर भांडंही नसताना. शेजारणीला शिव्या दिल्यास म्हणे. पुढे सूप खारट झालं आणि शेजारणीशी वाजलंही, पण घरात असा जाच असल्यावर माणसाचा तोल जाणार नाही तर काय होईल? सेरवाला वीट आला होता.

शनिवारी सुतकाचं लाल-काळं नेसून ती मयतीला गेली आणि रांगेनं बसलेल्यांशी हात मिळवत निघाली. तिसऱ्या म्हाताऱ्यानं आपला हात मागे घेतला, तेव्हा तिला दिसलं, आपण डावा पुढे केलाय. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "हिनंच डोक्यात भरवलं," ती घरापर्यंत पुटपुटत आली.

सोमवारी तिनं आईला दवाखान्यात नेलं.

"विसरण्याच्या आजारात कधी कधी विसर पडायच्या आधी स्वभाव बदलतो," नर्स दुफी म्हणाली. "चिडचिड, संशय, जिभेला लगाम नाही. म्हणजे तोच आजार असं नव्हे, पण लक्ष ठेवा."

"तेच तर सांगतेय मी!"

पण वार, महिना, नातवंडांची नावं, पोकुआनं सगळं धडाधड सांगितलं. मग म्हणाली, "सिस्टर, आता हिला विचारा."

"मला? मला काय धाड भरलीय?" सेरवा एवढी ओरडली की बाहेर बाकांवर बसलेली माणसं गप्प झाली.

मंगळवारी पोकुआ ओरडली नाही. पाठ फिरवून रडत बसली.

"आता काय केलं मी?"

"तू विचारलंस ते लागलं गं मला."

"काय विचारलं?"

पोकुआनं नुसती नकाराची मान हलवली. सेरवानं विनवलं, दरडावलं, शेवटी ताट आपटलं.

शुक्रवारी दोघी फुफू कांडायला लागल्या. सेरवा उभ्यानं मुसळ घालायची. पोकुआ स्टुलावर बसून दोन घावांच्या मधे उखळात हात घालायची आणि उकडलेल्या कंदांचा गोळा परतायची. चाळीस वर्षांचा ताल होता तो, एकदाही बोट चेचलं नव्हतं.

घाव. हात. घाव. हात.

सेरवानं मुसळ उचललं आणि ते वरच राहिलं.

उखळात कुणाचा तरी सुरकुतलेला हात होता.

"अहो आजी," ती वैतागून म्हणाली, "कोण तुम्ही? हात काढा बघू."

म्हातारी दचकली नाही. तिचं रडून मंगळवारीच झालं होतं.