मानोऱ्याच्या खालचा भाव

बाकावर सात माणसं, त्यांच्या हातांत पाच मोबाइल, टेबलावर तुरीचे तीन नमुने आणि दारात एक अनोळखी मुलगा. वाशीमच्या आमच्या शेतकरी कंपनीत मी धान्यातला ओलावा मोजते. त्या सकाळी मात्र माझं लक्ष दाराकडेच जात होतं.

तो अनुप. कंपनीचं बाजारभावाचं नवं पेज त्यानंच बनवलेलं. लोक ते कसं वापरतात, हे बघायला आला आणि फुलचंदकाकांच्या तावडीत सापडला.

"काहून रे, मानोऱ्याच्या खालचा भाव लपवून राह्यला?"

"काका, बाजारांच्या यादीत मानोरा शेवटचं. खाली काहीच नाही."

"मंग वर ओढलं का मांगं कायले पळते? कोनीतरी धरून बसलं ना!"

सगळे हसले. अध्यक्ष गोविंदसिंग हसले नाहीत. "लोकायचा भरोसा नसन, तर शनिवारी पेज बंद."

पेज बंद म्हणजे अनुपचं इथलं काम बंद. मग पुणे.

"शेवट आला की पेजनं छान उसळी घ्यावी, म्हणून मुद्दाम केलं होतं," तो माझ्या टेबलाशी येऊन पुटपुटला. "काढूनच टाकतो."

"काढशील तर मोबाइल अटकला म्हणतील. दाखव." मी ओढलं. खाली पांढरी जागा उघडली, पेज झुललं... पुन्हा झुललं. "स्प्रिंग फार ढिली आहे तुझी."

"अशी तक्रार पहिल्यांदा ऐकून राह्यलो."

"फिजिक्स शिकले मी. ऐक."

तो रोज येऊ लागला. तो कोड बदलायचा, मी ओढून बघायचे.

"इतकी घट्ट?"

"अजून जरा..."

कधी एकाच काचेवर दोघांची बोटं यायची — आणि दोघांनाही ती उचलायची घाई नसायची.

शनिवारी फुलचंदकाकांनी ओढलं. पेज नखभर सरकलं, लगेच जागेवर आलं. काकांनी क्षणभर पाहिलं.

"संपलं," म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला.

"राहू दे पेज," गोविंदसिंग म्हणाले.

मी दोन कप चहा मागवला. अनुप कपाकडे बघत राहिला. "पुणे तर टळलं, वैजयंती. पण उद्या कोणतं निमित्त काढून येऊ?"

"निमित्त कायले पाहिजे? तू मला आवडतोस. सरळ ये."

"हे... हे मी बोलणार होतो!"

"मग बोल ना."

तो बोलला. अडखळत, हसत, मधेच माझा हात धरून — आणि मग मीही.

शेवटी मी धान्याचा थर्मामीटर पुसून माझ्या विसरलेल्या, भरल्या कपात बुडवला. खोली एकतीस अंश. चहा एकतीस अंश.