गाठी राखून

"शेपूट कापली माझी," कॉनी म्हणाली.

गुणवंतने तिला खालून वर न्याहाळलं. खासगी तपास करणाऱ्या सुचेताबाईंनी या माणसाला मदतीला का ठेवलंय, हे त्यांच्या शांती नगरात कुणालाच उमगलं नव्हतं.

चौक गावातल्या कॉनीच्या घरात मासोळीचा पोशाख जमिनीवर पसरला होता. जुन्या नायलॉन जाळ्याची लांब शेपूट, गाठीगाठीला सीडी कापून केलेला चकचकीत खवला. त्याच दुपारी कार्निवलची मिरवणूक होती. ज्याचा पोशाख पहिला येईल, त्याला गोव्याचे रथ सजवणारे कायमचं कामावर नेणार होते. आणि शेपटीत आता माणूस आरपार जाईल एवढं भोक होतं.

"एकही खवला फुटलेला नाही," सुचेताबाई वाकून म्हणाल्या.

"चोर सभ्य आहे," गुणवंत म्हणाला.

शेजारची ॲशली, स्पर्धेतली तिची प्रतिस्पर्धी. तिने कात्री पुढे धरली. "ही कचाकच जाते, मॅडम. मधी काय येतं ते बघत न्हाय. आनि मला तिला हरवायचंय, रडवायचं न्हाय." रडवायचंही होतं; ते चेहऱ्यावर दिसत होतं.

कॉनीचा भाऊ लेस्ली पार्सलं पोचवायचा. "जाळं मी विकणार होतो. न विचारता घेतलं हिनं! मी असतो तर ओढून फाडलं असतं. जाळ्यातलं मला कोलंबीएवढं बी कळत न्हाय."

अंगणात बाप, कॉन्रॅड, दुसरं जाळं दुरुस्त करत होता. फाटक्या जागेभोवतीचे धागे सुरीने एकेक करून कापत होता.

"काका, फाटलेलंच आणखी कापताय?" गुणवंतने विचारलं.

"फाटल्या कडेला सांधा धरत न्हाय, बाबा. गाठी राखून साफ करायचं, मंग इनायचं."

"कॉनी गोव्याला गेली तर?" सुचेताबाईंनी सहज विचारलं.

म्हातारा सुईत दोरा भरू लागला. "मंग माझ्या ताटात कोण वाढंल, ते तिनं सांगितलं न्हाय."

सुचेताबाईंनी सगळ्यांना शेपटीभोवती बोलावलं.

"ॲशलीच्या कात्रीने गाठी चिरल्या असत्या, खवले तुटले असते. लेस्लीने फाडलं असतं, तर कड ओढली गेली असती. इथे प्रत्येक धागा गाठीलगत कापलाय, गाठ राखून. नासधूस करतानाही दुरुस्तीची सोय ठेवणारा हात या घरात एकच आहे. सवय लपली नाही, कॉन्रॅडकाका."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "सांजपर्यंत नव्यासारखी करून देतो गो."

"मिरवणूक दुपारी हाय, पप्पा."

तो सुईतला दोरा ओढत राहिला.

"म्हंजे सांजला तुमी सांधून दिली असती," कॉनी सावकाश म्हणाली, "आनि मी तुमचे हात डोळ्यांना लावले असते."

तिने शिलाई मशीन उचललं. "बक्षीस न्हाय तर न्हाय. गोव्याला त्या रथवाल्यांच्या दारात जाऊन उभी ऱ्हाईन." तिला घेऊन रिक्षा वळली, तेव्हा गावातून बँडचा आवाज येत होता.

दिवस कलताना शेपूट पुरी झाली. सांधा कुठे आहे, ते ॲशलीलाही सापडलं नाही. कॉन्रॅडने ती दोन्ही हातांनी उचलली, झटकली, खवले लखलखले.

"कोन घालून दाखवतंय?" त्याने विचारलं.