दारात निसटलेला शब्द

त्या आश्विनात मी पाच दिवसांची रजा काढली ती आईचा चष्मा पोचवायला. मुंबईत एका पेढीवर मी कारकून होतो. गिरगावात चष्मा करून घेतला, रुमालात गुंडाळला आणि सकाळच्या गाडीने वडगावला उतरून आमच्या गावाची, नवलाख उंबऱ्याची वाट धरली. साल एकोणीसशे अठरा, मानमोडीच्या तापाचं. पावसाने मधेच पाठ फिरवलेली; खाचरांत जे थोडं भात उभं होतं ते कापायलाही माणूस नव्हता. वाटेत तीन तिरड्या भेटल्या. तिसरीच्या वेळी मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

घरी पोचलो तर आई म्हणाली, महिपती गेला. महिपती माझा शाळेपासूनचा सोबती. तापाच्या भीतीने त्याच्या घराकडे कुणी फिरकत नव्हतं. मी तडक उठलो. खरं सांगू? त्यात माया थोडी आणि मिजास जास्त होती. आपण भीत नाही, आपण शिकलेले आहोत, हे गावाला दाखवायची खुमखुमी! दुसऱ्याच्या दुःखातही माणूस स्वतःला मिरवून घेतो, तसा मी गेलो.

महिपतीची आई विठाबाई भिंतीला टेकून बसली होती. आत त्याची बायको नंदाबाई तापाने फणफणत होती. पाच वर्षांची बया, त्यांची एकुलती पोर, खांबाला धरून उभी. घरात कडुलिंबाच्या धुराचा आणि घामाचा कोंदट वास होता. मी थोडा वेळ बसलो, चार शब्द बोललो आणि चपला घालता घालता सवयीने म्हणून गेलो, "बरं मावशी, येतो."

आपल्यात एरवी कुणी 'जातो' म्हणत नाही. पण सुतकाच्या घरातून निघताना 'येतो'ही म्हणायचं नसतं. मुकाट उठायचं. नाहीतर त्याच कामासाठी पुन्हा त्या घरी यावं लागतं.

विठाबाईचा चेहरा पांढरा पडला. "असं म्हनू न्हाई रं सोपाना हितं..."

"जिभेचं वळण, मावशी. नुसत्या शब्दानं काय होतंय?" मी म्हणालो आणि हसलो. त्या घरात, त्या दिवशी, मी हसलो!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेजारचा कोंडाजी सांगत आला की नंदाबाई गेली. खांद्याला चार माणसं मिळेनात म्हणून मीही लागलो. स्मशानातून परतल्यावर विठाबाई माझा हात धरून म्हणाली, "काल दिवेलागणीला परत आलास, लय बरं केलंस बाबा. नंदीला तुज्या हातानं पानी पाजलंस. निवांत झोपली बग."

मी हात सोडवून घेतला. दिवेलागणीला मी घरी आईसमोर बसलो होतो. तिला चष्म्यातून पोथी वाचून बघायला लावत होतो.

"मावशी, मी न्हवतो."

"मग कोन आलतं?"

"ह्येच काका," बया खांबामागून म्हणाली. "जाताना येतो म्हनलं."

तापात माणसाला भास होतात, हे मी कुणालाही पटवून दिलं असतं. पण पोरीला ताप नव्हता. ज्या भैरोबाला मी कॉलेजात शिकणाऱ्या मित्रांपुढे दगड म्हणत आलो, त्याच्या पायरीवर मी दुपारी डोकं टेकलं. मागायचं काय ते सुचेना. गरजेपुरता देव आठवणाऱ्याला तो काय ओळख देणार!

त्या घरात आता एक म्हातारी आणि एक पोर उरली होती. त्यांना सांभाळायचं तर एकच उपाय मला दिसला. ऊन कलायच्या आत मी गेलो आणि उंबऱ्यात आडवा बसलो. जो कोणी येईल त्याला मला ओलांडावं लागेल. घराला दुसरं दार नव्हतं. सूर्य डोंगराआड गेला. आत विठाबाई घोंगडी पांघरून कण्हत होती. अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. मी डोळे फाडून वाटेकडे पाहत राहिलो.

केव्हातरी कण्हणं थांबलं.

"काका..." आतून बया हळूच म्हणाली. "आजी पानी प्याली... आता तुमी भायेर का बसल्यात?"

मी वळलो. विठाबाईचे ओठ ओले होते. उशाशी रिकामं भांडं होतं. तिचा हात हातात घेतला तर तो गार पडलेला.

मी बयाला उचललं, तिच्या तोंडावर तळवा दाबून धरला आणि एक अक्षरही न बोलता त्या घरातून निघालो.

तिला मी वाढवलं. मुंबई सोडून लोणावळ्यात नोकरी धरली. लग्न केलं नाही. या सात वर्षांत तिने त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त एक करते. मी कामावरून आलो की कडी काढण्याआधी आतून विचारते, "कंचे काका?" मी म्हणतो, "मी गं, सोपानकाका." मग क्षणभर थांबून दार उघडते. तिला त्यातून काय कळतं, ते मी कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

गेल्या सोमवारी तिने विचारलं नाही. मी दार वाजवलं तेव्हा ती आतून म्हणाली, "सोपानकाका कवाच आल्यात. जेवायला बसल्यात."

मी ओरडलो, दार ठोठावलं. शेवटी शेजारच्या शालूबाईंनी हाक मारली तेव्हा कडी निघाली. घरात दुसरं कुणी नव्हतं. ताटातला भात अर्धा संपलेला होता. आणि बयाचं अंग तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टर म्हणतात हिवताप आहे, उतरेल. मी उशाशी बसून असतो. पण माझ्या हातचं पाणी ती घेत नाही. भांडं जवळ नेलं की ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहते. शालूबाई म्हणतात, तुम्ही जरा बाहेर जा, तुमच्यासमोर लाजत असेल. म्हणून मी ओट्यावर जाऊन बसतो. शालूबाईही आपल्या घरी जातात. थोड्या वेळाने परत आत येतो, तर भांडं रिकामं असतं.