काळ्या टेपची जागा

१९९४ साल. भरदुपारी वंदना मुरबाडच्या कारखान्यातून टोकावड्याला घरी आली, तेव्हाच येसूबाईंनी ओळखलं, सुनेचं काहीतरी बिनसलंय.

"आई, कारखान्यातल्या लखमाचा हात भाजला. पंपाचा सर्किट बोर्ड तपासताना जाळ झाला. साहेब म्हणतात, तू आखताना तांब्याचे ट्रॅक जवळ घेतलेस, म्हणून वीज उडाली. संध्याकाळपर्यंत राजीनामा दे."

"घेतलेस?"

"नाय. मानकाच्या पुस्तकात त्या दोन ट्रॅकमध्ये सहा मिलिमीटर सांगितलेत. आमची आखणीची फिल्म बोर्डाच्या दुप्पट मापाची, म्हणून मी बारा सोडले. आज तिथं सहाच भरतात."

येसूबाईंची शाळा दुसरीपर्यंत. पण हरवलेलं शोधायला सारा गाव त्यांच्याकडेच यायचा. त्या उठल्या. धरणावरून निवृत्त झालेले दीर नथू चपला शोधू लागले.

"पायातच आहेत, भावजी."

कारखान्यात साहेबांनी फिल्म टेबलावर ठेवली. पारदर्शक फिल्मवर काळी टेप चिकटवून ट्रॅक काढलेले. शेजारी टाइप केलेला राजीनामा.

फिल्मचा फोटो काढून ती निम्म्या मापावर आणणारा सतीश म्हणाला, "मावशी, आली तशी मी कॅमेऱ्याखाली ठेवली."

सुपरवायझर हरेश तडकला. "मी तर फिल्म बघितलीपण नाय! उलट काम मीच वाचवलं. पंप चालू-बंद करणारा जुना लहान रिले मिळेना, तर मोठा आणून बसवला."

येसूबाईंनी जळका बोर्ड उलटासुलटा केला. मोठ्या रिलेचे पाय भोकांत नीट बसले होते. मग फिल्म उजेडाला धरली. टेपच्या जरा बाजूला धुळीची रेघ होती.

"फिल्म पुसत नायत वाटतं," नथू म्हणाले.

"बोट लावा, भावजी."

"चिकट लागतंय."

"टेपचा गोंद तो. टेप आधी तिथं होती. कुणीतरी उचलून सरकवली."

"सतीशने?"

"त्याला काय गरज? वंदनाची भोकं लहान रिलेची. मोठ्याचे पाय त्यांत शिरले कसे? फिल्मवरच भोकांच्या खुणा हलवल्या, मग जागेसाठी टेप हलवली. मोठा रिले कुणी बसवला? आणि तोच म्हणतो, फिल्म बघितली नाय!"

हरेशची मान खाली गेली. "ऑर्डर पोचवायला तीनच दिवस होते, मावशी."

"बदल केलास, तर वंदनाला तपासायला का नाय दिलास?"

"ती नको म्हणाली असती."

वंदनाने ब्लेडने टेप अलगद उचलली आणि धुळीच्या रेघेवर ठेवली. बरोब्बर बसली. पट्टी लावली. बारा.

साहेबांनी राजीनामा चुरगाळला. "पण मग या बोर्डावर मोठा रिले मावायचा नाय."

"बोर्ड मोठा करा की," येसूबाई म्हणाल्या. "लखमाला हात दुसरा मिळायचा नाय."