तारांवरचा हात

स्टेजवर गिटार घुरघुरायला लागली की लोक आधी वाजवणाऱ्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी काकासाहेब, राहणार सोनई. तीस वर्षं ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळतोय. माझी पद्धत साधी आहे. आधी गिटारीचं पायाखालचं पेडल काढायचं, मग केबल बदलायची, मग रंगीत दिवे बंद करायचे, मग सगळ्यांना मोबाईल लांब ठेवायला लावायचे. शेवटी जे उरेल तो चोर. हा चोर मला सापडला नाही, असं कधी झालं नव्हतं.

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या फक्रुद्दीनची गिटार मात्र जन्मापासूनच घुरघुरणारी. तशा गिटारीला एक औषध असतं. तारांपासून एक बारीक वायर आतून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जाते. तारांना माणसाचा हात लागला की घुरघुर बसते, हात काढला की पुन्हा सुरू. पण एका जत्रेत स्टेजची अर्थिंग खोटी निघाली. फक्रुद्दीनचा हात तारांवर आणि ओठ माईकला, असा झटका बसला की तो स्टेजवरून खाली पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला ती वायर कापायला लावली. ‘घुरघुर राहिली तर राहू दे,’ म्हणाला, ‘उद्या ही गिटार माझी पोरगी हातात घेईल.’

दोन वर्षांपूर्वी तो गेला. नगरला दवाखान्यात नेला आणि तासाभरात आटोपलं. पोरगी, इन्शा, पुण्याला परीक्षेला बसली होती, ती पोचली तेव्हा सगळं झालं होतं. तेव्हाच तिने पुणं सोडलं आणि बापाची गिटार धरली. वाजवते झकास. बाप ऐकायला असता तर काय म्हणाला असता, हेच तिच्या डोक्यात असतं. तेच मला विचारते. मलाही त्याची आठवण येते, मी फक्त बोलून दाखवत नाही.

यंदा शिर्डीच्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायचं काम तिला मिळत होतं. पण मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, घुरघुर चालणार नाही. म्हणून मी ती वायर पुन्हा जोडली. हॉटेलची अर्थिंग मीटर लावून स्वतः तपासली. तिला बजावलं, लग्नाच्या मांडवात मी तपासल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही. ती हो म्हणाली, पण माझी झोप जरा कमी झाली.

हॉटेलात दुपारी चाचणी झाली. इन्शाने वाजवलं, आवाज स्वच्छ. मग गिटार स्टँडवर ठेवून ती पाणी प्यायला गेली. हात निघाला, घुरघुर सुरू झाली. बरोबर आहे. मी केबल गुंडाळत होतो.

घुरघुर थांबली.

मला वाटलं, पिन निसटली. गिटारीच्या लाकडावर बोटाने टकटक केली. ती स्पीकरमधून खणखणीत ऐकू आली. म्हणजे सगळं चालू होतं. तारांजवळ कुणी नव्हतं. मी पेडल काढलं, केबल बदलली, दिवे घालवले, मोबाईल बंद केला. शांतता तशीच. इन्शा परत आली, तिने आधी गिटारीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मिनिटभराने घुरघुर आपली आपण सुरू झाली.

तिने विचारलं, ‘काका, हात लावल्याबिगर असं हुतं का हो?’

मी म्हणालो, लाईनमध्ये चढउतार होत असेल. खोटं बोललो. चढउतार तसा ऐकू येत नाही.

काम तिला मिळालं. महिन्याभराने तिची आई चांदबी मला रस्त्यात भेटली आणि कुरकुरली, की पोरगी दुपारी घरी अ‍ॅम्प चालू करते, गिटार स्टँडवर ठेवते आणि समोर नुसती बसून राहते. वाजवत नाही. मी स्पीकर खराब होईल म्हणून रागावायला गेलो. इन्शाने चहा दिला, आम्ही दोघं बसलो. अर्धा तास घुरघुर ऐकली. मग ती आपोआप थांबली. रागावायचं राहून गेलं. त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून तिकडे जायला लागलो.

मग कोल्हारचं लग्न आलं. भर दुपारचा मुहूर्त, लोखंडी पाइपांचं स्टेज. सकाळी मी बोर्डाला टेस्टर लावला, सगळं ठीक होतं. इन्शाला मान डोलावून परवानगी दिली. दोन गाणी झाली. मंगलाष्टकांना आम्ही थांबलो, तिने गिटार स्टँडवर ठेवली. तेवढ्यात लाईट गेली आणि जनरेटर सुरू झाला.

आता माझी चूक सांगतो. मांडववाल्यांना अर्थिंगचा खड्डा खणायचा कंटाळा. ते न्यूट्रलची, म्हणजे करंट नसलेलीच वायर वाकवून अर्थिंगच्या पिनला जोडतात. बोर्डात तसलंच जोड-काम होतं, आणि ते मी उघडून बघितलं नव्हतं. सरकारी लाईटवर ते खपून जातं. जनरेटर जोडणाऱ्याने फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, की करंट सरळ अ‍ॅम्पच्या अंगात आणि तिथून तारांत येतो. पुन्हा टेस्टर लावायला हवा होता. मी अक्षता टाकत होतो.

टाळ्या वाजल्या. निवेदकाने पुढचं गाणं पुकारलं. जनरेटरवर घुरघुर दुप्पट झाली होती. इन्शाने एका हाताने माईकचा लोखंडी स्टँड धरला आणि दुसरा हात गिटारीकडे नेला.

घुरघुर थांबली.

तिचा हात तारांपासून बोटभर अंतरावर होता. तो तिथेच थांबला. तिने तो हळूच मागे घेतला, स्टँडही सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

मी स्टेजवर चढलो. खिशातला टेस्टर काढून तारेला टेकवला. उन्हात दिसेना म्हणून वर हात आडवा धरला.

लाल दिवा लागला होता.

मी तिच्याकडे वळलो. खाली लोक गाण्यासाठी ओरडत होते. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. इन्शा माझ्याकडे बघत नव्हती, ती तारांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

‘काका, मेन पाडा लवकर,’ ती म्हणाली. ‘अब्बांनी अजून हात काढला न्हाई.’