करडा ठिपका

कात टाकायच्या आधी रेशमाची अळी डोकं वर धरून स्थिर होते. त्या काळात तिला पान घालायचं नसतं. घातलं तर बॅच बिघडते.

तुतीकट्टा, नियम चौथा : सदस्य हजर नसला तरी त्याला प्रश्न विचारावा. उत्तर मिळेल.

सन २०३२, दिवाळी. डासांची एक कॉइल. सकाळी दोनशे अंडीपुंजांच्या अळ्या मेलेल्या.

«ताई, हा धागा चुन्याच्या पावडरीबद्दल आहे. इथे बहिणीला "जेवलीस का" विचारू नये. – व्यवस्थापक»

एखादा माणूस साठ वेळा काय बोलला ते नीट तपासलं, तर एकसष्टाव्या वेळी तो काय बोलेल हे सांगता येतं. चूक शंभरात सहा.

अंबडहून पैठणला एसटी दिवसातून चार वेळा जाते.

*

भागीरथी डोईफोडे चोपन्न वर्षांची होती आणि कट्ट्यावर लिहायला शिकत होती. तुतीकट्टा म्हणजे रेशीम शेतकऱ्यांची फोनवरची चर्चेची जागा. कुणी विचारायचं, कुणी सांगायचं, सगळ्यांनी वाचायचं. एका विषयावरच्या बोलण्याला तिथं धागा म्हणत. तिला वाचता चांगलं यायचं. पण चार हजार लोक वाचतील असं काही तिनं जन्मात लिहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं सव्वीस वेळा नुसतं "नमस्कार" लिहिलं. मग नऊ वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं. विचारणाऱ्यानं तोवर रेशीम सोडून पिठाची गिरणी टाकली होती.

"मावशी, आधी तारीख बघायची," डॉ. अस्मा तांबोळी म्हणाल्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या दर बुधवारी दुपारी शिकवायला येत. कट्टा उभारणाऱ्या चार शास्त्रज्ञांपैकी त्या एक.

"तारखेचं काय घेऊन बसलात मॅडम? मी उशिरा सांगितलं म्हणून खोटं होतंय का?"

बाकीच्या बाया हसल्या. भागीरथी हसली नाही. ती कट्ट्यावर रेशमासाठी आलेलीच नव्हती.

तिची धाकटी बहीण शेवंता पैठणजवळ दिली होती. अकरा वर्षांपूर्वी दिवाळीला ती आली आणि संध्याकाळी तिनं अळ्यांच्या शेडच्या खिडकीशी डासांची कॉइल लावली. त्या धुरानं डास मरो न मरो, रेशमाची अळी नक्की मरते. शेवंताच्या घरी तेव्हा रेशीम नव्हतं, तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. सकाळी भागीरथी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या पायाचा गुणच तसा." शेवंता पिशवी उचलून न जेवता निघून गेली. पुढे शेवंताच्या सासरीही तुती लावली, ती कट्ट्यावर लिहिते आणि सल्ला चोख देते, हे भागीरथीला शेजारणीकडून कळलं.

म्हणून तिनं चुन्याच्या धाग्यावर लिहिलं, "शेवे, जेवलीस का?"

व्यवस्थापक ओरडला, पण उत्तर आलं होतं. «जेवले अक्का. तू?»

पुढचे दोन महिने भागीरथी शिकत गेली. योग्य धागा शोधायचा, आधी वाचायचं, मग लिहायचं. पानांबद्दल विचारता विचारता ती गुडघेदुखीबद्दल विचारायची, आणि शेवंता दोन्हींची उत्तरं द्यायची. सत्तेचाळिसाव्या नोंदीत भागीरथीनं लिहिलं : «शेवे, ती कॉइल तू माझ्याच पोरीसाठी लावली होतीस. मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी बोलले.»

चार मिनिटांत उत्तर : «माझंही चुकलं अक्का. विचारायला पाहिजे होतं. पोरीला डास चावायलेत एवढंच दिसलं मला.»

*

बुधवारी तिनं ते डॉ. अस्मांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि फोन जवळ घेतला.

"नावापुढं हा करडा ठिपका कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. माणूस शेडमधी असला की करडा होतो ना? आमच्यात शेडमधी फोन नेत नाहीत."

 डॉ. अस्मांनी खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, अळ्यांना रोग पडला की तासाभरात उत्तर लागतं. जाणती माणसं तर कामात असतात, नाहीतर गावाला. म्हणून आम्ही सावली तयार केली. माणसाच्या साठ नोंदी झाल्या की त्याची बोलायची रीत यंत्राला कळते. मग तो नसताना त्याच्या नावानं यंत्र उत्तर देतं. तिथं करडा ठिपका असतो."

"म्हणजे मी यंत्राशी बोलायली होते."

"शेवंताताईंच्या रीतीशी बोलत होतात. तुम्ही भाजीत मीठ किती घालाल, हे तुमच्या मुलीला न विचारता कळतं ना? तसंच."

"माफी कुणी मागितली?"

"त्यांनी मागितली असती, असं सावली सांगते. शंभरात चौऱ्याण्णव."

"आन् सहा?"

डॉ. अस्मांनी फोनवर शेवंताचं खातं उघडलं.

"जिती हाय ना ती?"

"आहेत. सावली चालू ठेवायला दर जूनमध्ये अंगठा द्यावा लागतो, तो आलाय. पण सव्वीस महिने त्यांनी स्वतः काही लिहिलेलं नाही, वाचलेलंही नाही. रेशीम बंद केलं असावं." त्यांनी पडद्यावर एक बटण दाखवलं. "याला दुजोरा म्हणतात. हे दाबलं की सावलीचं बोलणं खऱ्या माणसाकडे जातं, 'हे तुम्हाला मान्य आहे का' म्हणून. दाबू?"

भागीरथीनं फोन हिसकल्यासारखा ओढून घेतला.

"नको. नाही म्हणाली तर हीबी जाईल."

"मग एसटीनं जाऊन या. लांब नाही."

"नाहीच लांब. अकरा वर्षं जाती ती एसटी."

*

साठावी नोंद श्रावणात झाली. डॉ. अस्मांनी नियमाप्रमाणे विचारलं, "तुमची सावली तयार आहे. ठेवायची?"

"माझ्यापेक्षा चांगली बोलंल का?"

"तुमच्यासारखीच बोलेल. फक्त तुम्ही जे बोलायला घाबरता, तेही बोलेल. तिला भीती नसते." हे सांगून डॉ. अस्मा थांबल्या. ठिपका रोगराईसाठी होता. यासाठी तो कुणी केलेला नव्हता. "मावशी, एकदा विचार करा."

भागीरथीनं अंगठा दिला.

तेव्हापासून ती लिहीनाशी झाली. सकाळी चहा घेताना ती फक्त वाचायची. दोन करडे ठिपके एकमेकींशी बोलत. आई गेली तेव्हा कोण कुठे उभं होतं ते निघालं. बांगड्यांच्या वाटणीचं निघालं. तिची सावली एकदा चिडली, भागीरथी चिडली असती तिथंच. आठवड्यानं त्याच सावलीनं लिहिलं : «शनिवारी ये. दुपारच्या एसटीनं.»

«येते अक्का.»

शनिवारी भागीरथीनं शेडच्या दाराशी पाय धुवायचं पाणी ठेवलं. कुणी येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी भाकरी दोन माणसांच्या केल्या, वर ठेचा केला, आणि एसटी येऊन गेल्याचा आवाज ऐकल्यावर एकटी जेवली.

दिवस मावळताना तिनं कट्टा उघडला.

«पोचलीस का नीट?» तिच्या सावलीनं विचारलं होतं.

«पोचले अक्का. ठेचा झणझणीत होता. पोटभर जेवले.»

भागीरथीनं ते दोनदा वाचलं. ठेच्याचं तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पण शेवंता आली की ती ठेचाच करायची, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. तिनं उरलेली भाकरी झाकून ठेवली. उद्या काय बोलणं होईल याची तिला मनापासून उत्सुकता होती.

कट्ट्यावरची शेवंताची सगळ्यात पहिली नोंद चार वर्षांपूर्वीची आहे, तिनं स्वतः लिहिलेली : «अंबड तालुक्यातली भागीरथी डोईफोडे इथं कुणाच्या ओळखीची आहे का?» तेरा जणांनी नाही म्हणून कळवलं.