आठवी दोरी

मारुंजीत कुशाबाच्या खळ्यावर शेकोटी पेटली की आजूबाजूची तरणी मंडळी आपोआप गोळा होत. त्या रात्रीही झाली. विस्तवात हरभऱ्याचे घाटे टाकत वाल्मीक म्हणाला, "कुशातात्या, सांगा कायतरी भुताचं. पर आवंदा नवं सांगा. तुमच्या त्या चिंचंवरल्या बाईला आता आमी रामराम घालतो."

सगळे हसले. कुशाबा हसला नाही.

"चिंचंवर कोन न्हाई," तो म्हणाला. "हे माज्या मेव्हनीचं हाय. रंभाचं. ऐका, आन् इथंच सोडा. तिनंच मला सांगितलं हाय, पर तिला इचारायला जाऊ नका, एवढंच."

मग त्यानं सांगितलं ते असं.

बासष्ट साल. माघ वद्य दशमी. सकाळची वेळ, आणि रंभा भरे नावाच्या गावात शिडी मागायला निघाली होती.

शिडी कशाला, तर गोफ टांगायला. रंभा तेव्हा पुण्यात शिकत होती. एका मठानं खेड्यातल्या मुलींसाठी कॉलेज काढलं होतं, मास्तरणी घडवायचं. पहाटे काकडआरती, मग गीतापाठ, मग पुस्तकं. राहणं-खाणं मठाचं. त्या बदल्यात मुलींनी वर्षातून एकदा गावोगाव फिरून कृष्णलीलेचा गोफ नाचायचा. लोक म्हणायचे, "देवाचं कालेज आन् पोरी नाचत्यात!" म्हणायचे, आणि सगळ्यात पुढं येऊन बसायचे.

गोफ तुम्ही पाहिला असेल. उंच जागी कडी टांगायची, कडीला आठ रंगांच्या आठ दोऱ्या. आठ मुली, डाव्या हातात दोरी, उजव्या हातात टिपरी. एकमेकींच्या आतून-बाहेरून फेर धरून नाचत गेलं, की वर वेणीसारखी वीण पडत येते. मग उलट्या पावलांनी नाचून ती सोडवायची. जोड्या लागतात, म्हणून सातजणींचं ते काम नाही. आणि विणलेला गोफ तसा ठेवायचा नाही. सुटल्याशिवाय कुणी दोरी हातची टाकायची नाही. मठात हे पहिल्या दिवशीच शिकवत.

देवळाचा मांडव बुटका निघाला, तेव्हा ओढ्याच्या डोहावरच्या उंबराची फांदी ठरली. उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड होते. आसरांचे. पाण्यातल्या सात बहिणी.

शिडी दिली डोंगरवस्तीवरच्या बाळाबाईनं. तिचं खोपट डोहापासून हाकेच्या अंतरावर. शिडीचं एक टोक स्वतः उचलत ती म्हणाली, "बरं केलंत हितं टांगताय ते. त्या साती जनी बी बगतील की. त्यास्नी कोन दावतंय नाच?"

रंभा हसली. तिचं मन त्या दिवशी हलकं होतं. रात्री माण गावात मठाचे महाराज स्वतः गोफ बघणार होते, आणि गोफाची म्होरकी रंभा. मठाच्या नव्या शाळेत एकच मास्तरीण घ्यायची होती. कॉलेजच्या चंद्राबाई तिला म्हणाल्याही होत्या, "आज नीट नाच हो. पुढचं मी बघते." बहिणीचं लग्न झालेलं, घरी रंभाची आई एकटी, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. त्या एका जागेवर दोघींचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

साळू शिडी धरून खाली उभी होती. साळू म्हणजे नववी. आठातली कुणी आजारी पडली तर तिच्या जागी नाचायचं. तीन वर्षं कुणी आजारी पडलं नव्हतं, आणि तीन वर्षं साळू कडेला उभी राहून झांजा वाजवत होती. रंभाची ती जिवाची मैत्रीण. वसतिगृहात दोघींची एकच ट्रंक, थंडीत एकच घोंगडी.

"साळे, धर नीट. पाडशील मला."

"पाडलं तर नाचायला तरी मिळंल," साळू म्हणाली.

दोघी खळखळून हसल्या.

कार्यक्रम रंगला. वीण सुरेख पडली. पण सोडवायची वेळ आली तेव्हा रंभाच्या डोळ्यांपुढं पिवळं-पिवळं दिसायला लागलं. अंग सकाळपासून कसकसत होतं, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अर्धा गोफ सुटला, आणि ती कोसळली. दोरी हातातून गेली. बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या टाकल्या आणि तिच्याकडं धावल्या.

अंग तव्यासारखं तापलेलं. बाळाबाईनं तिला खोपटात नेऊन निजवलं, कसलासा कडू पाला उकळून पाजला. बाहेर गावातल्या गेणबाची बैलगाडी जुंपून तयार होती. चंद्राबाई घायकुतीला आल्या.

"एवढ्याशा गाडीत हिला आडवी कुठं करू? ऊन तरी केवढं! आणि तो गोफ सोडवत बसायला वेळ नाही. राहू दे टांगलेला. दुसऱ्या दोऱ्या आहेत आपल्याकडे."

तिचं गाठोडं द्यायला शेवटी साळू आत आली. रंभानं तिचा हात धरला.

"साळे, मला रात्रीपर्यंत तिथं पोचायचंय गं. उतरंल ताप."

"आगं, पोचशील. गेणबा आम्हाला सोडून लगेच माघारी येईल, तुला न्यायला. मी सांगते त्याला. दिवेलागणीला गाडी दारात. तुझ्या गळ्याची शपथ."

गळ्याला हात लावून साळूनं शपथ घेतली. रंभा डोळे मिटून झोपी गेली.

उठली तेव्हा सांज झाली होती. घाम येऊन ताप उतरला होता. तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, नाचाचं हिरवं लुगडं नेसली आणि खोपटाच्या दारात गाडीची वाट बघत बसली.

दिवेलागण झाली. बाळाबाईनं भाकरी पुढं ठेवली. रंभानं खाल्ली नाही. म्हणाली, गाडी येईलच.

बऱ्याच वेळानं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रंभा उठून रस्त्यावर धावली. गेणबा गाडीत आडवा पडून गाणं म्हणत येत होता. तिला बघून उठूनच बसला.

"तू? आगं, तू अजून हितंच?"

"तुमचीच वाट बघत्येय. चला लवकर."

"चला कुटं? तुजा भाऊ आल्ता ना तुला न्ह्यायला?"

"कोण भाऊ?"

"ती बारकी पोरगी म्हनाली की. तुज्या खोपटातनं भायेर आली आन् बाईंना म्हनाली, रंभाचा भाऊ आलाय, घरी न्हेतोय तिला. तिच्यासाठी गाडी नको. मी म्हनलं बरं झालं, बैलं दमल्यात."

खोपटातून शेवटी बाहेर पडली होती ती साळू. आणि रंभाला भाऊ नव्हता. हे साऱ्या कॉलेजात एकट्या साळूला ठाऊक होतं, कारण दर राखीपुनवेला रंभा तिच्याच कुशीत रडायची.

"तिकडं काय चाललंय?" तिनं विचारलं.

"नाच उभा ऱ्हायला आसंल. ती बारकीच म्होरं हुबी ऱ्हानार म्हनं. तुजं हे झालं म्हनून." गेणबा ओशाळला. "सकाळी जातो घिऊन. आत्ता बैलं चालायची न्हाईत, पोरी."

मागं बाळाबाई उभी होती. ती एवढंच म्हणाली, "शत्रू बरा बाई. गळ्यावर हात ठिवून तरी बोलत न्हाई."

रंभा अंथरुणावर पडली. रडू येत नव्हतं. तिकडं साळू तिच्या जागी उभी असेल. तिची टिपरी घेऊन. महाराज विचारतील, ही मुलगी कोण?

बाळाबाई घोरायला लागली. गाव निजलं. वद्य दशमीचा चंद्र उगवायला अजून वेळ होता.

आणि टिपऱ्या वाजल्या.

दुरून नाही. डोहाकडून.

रंभा ताडकन उठून बसली. आल्या! साळूला पस्तावा झाला असेल, चंद्राबाई सगळ्यांना घेऊन परत आल्या असतील. दुसरं काही तिच्या मनातही आलं नाही. अनवाणीच निघाली ती.

उंबराखाली मुली फेर धरून उभ्या होत्या. पाठमोऱ्या. वर तो अर्धा सुटलेला गोफ. प्रत्येकीच्या हातात दोरी.

"साळे?" रंभानं हाक मारली.

कुणी वळलं नाही.

टिपरीवर टिपरी पडत होती. नुसती टिपरी. इतके हात हलत होते, पण बांगडी एकही वाजत नव्हती... खाली उंबराचा पाचोळा घोट्याएवढा. त्यावर पावलं पडत होती. पाचोळा वाजत नव्हता.

रंभा थांबली.

तिनं मोजल्या. सात.

आठवी दोरी मोकळी लोंबत होती. वारा नव्हता. तरी ती हळूहळू तिच्याकडं सरकत आली... आणि तिच्या हाताशी येऊन थांबली.

टिपऱ्या थांबल्या.

"आठवी कोन?"

आवाज कुणा एकीचा नव्हता. पाण्यावरून आल्यासारखा. रागाचा नाही. प्रेमानं विचारल्यासारखा.

रंभाला पळायचं होतं. पाय उचलेना.

"आठवी... कोन?"

खाली डोहाचं पाणी. काळं. स्तब्ध. दोरीचं टोक तिच्या बोटांना लागलं. गार. ओलं.

आता तिसऱ्यांदा विचारतील, तिला वाटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणता येणार नाही. तिला आई आठवली. खुरपं घेऊन वाकलेली. मग माणचा मांडव दिसला, गॅसबत्तीचा उजेड दिसला, आणि त्या उजेडात तिच्या जागी उभं राहून हसणारं ते तोंड...

"आठवी..."

"साळू," रंभा म्हणाली.

दोरी सर्रकन वर गेली.

काही नाही. कुणी नाही. उंबर, दगड, पाणी. आणि दूर कुठंतरी कोल्हेकुई.

शेकोटीपाशी वाल्मीकनं घाटे चाळायचे सोडून दिले होते. तान्ह्याला पदराखाली घेऊन बसलेली तानुबाई हळूच म्हणाली, "बया... नाव घेतलं व्हय तिनं?"

"घेतलं," कुशाबा म्हणाला. "तुमी न्हाई घेतलं आसतं?"

तानुबाईनं पोराला आणखी जवळ ओढलं.

दिवस वर यायच्या आत गेणबानं रंभाला माणला नेलं. साळू जिवंत नसेल असंच तिला वाटत होतं. पण मुली उतरलेल्या शाळेत शिरते तो हसणं-खिदळणं ऐकू आलं. साळूची निवड झाली होती. मुली पेढे खात होत्या. चंद्राबाई म्हणाल्या, "अगं, तू? भाऊ गेला का सोडून? साळू आत आहे बघ. उठल्यापासून नुसती लाजतेय, डोक्यावरचा पदर काढत नाही."

साळू कोपऱ्यात बसली होती. लाजत नव्हती ती. पदर दोन्ही हातांनी गच्च धरून होती. रंभाला बघताच तिनं तिचे पायच धरले.

"मी खोटं बोलले गं. एकदा, फक्त एकदा नाचायचं होतं. मार मला. पण आधी हे सोडव... मला सुटत नाही."

तिनं पदर काढला.

रात्री केस मोकळे सोडून निजली होती ती. आता त्यांची वेणी घातलेली होती. तीन पेडांची नाही. आठ पदरांची. आतून-बाहेरून, आतून-बाहेरून, गोफाची वीण. आठजणींनी नाचल्याशिवाय पडत नाही ती. आणि मुळापर्यंत ओली.

रंभानं सोडवायला घेतली. एक पदर हलला नाही. शेवटी कात्री मागवून तिनं ती मानेपासून कापली. साळू तिच्या मांडीत डोकं घालून रडली. म्हणाली, "तुझ्याशी असं वागले, तरी तूच धावलीस. तुझ्यासारखं कुणी नाही मला."

तेव्हा साळूला सगळं सांगायचं होतं रंभाला. जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. तेव्हा नाही, आणि त्यानंतरही नाही.

रंभाचं शिक्षण तिथंच सुटलं. जागा साळूची झाली. रंभाचं लग्न होऊन ती इथं मारुंजीत आली. साळू मठाच्या शाळेत मास्तरीण आहे, मोठा मान आहे तिला. केस पुन्हा वाढले. पण दर वर्षी माघ वद्य दशमीची रात्र गेली, की पहाटे ते विणलेले असतात. मग ती डोक्यावरून शाल घेऊन पहिल्या एस.टी.नं मारुंजीला येते, आणि रंभा दार लावून घेऊन कात्री काढते. दुसऱ्या कुणाला साळू हात लावू देत नाही. दर वर्षी तेच म्हणते. तुझ्यासारखं कुणी नाही मला.

गेल्या साली रंभाला सोसेना. साळूला एस.टी.त बसवलं, कापलेली वेणी फडक्यात गुंडाळली, आणि कुणाला न सांगता भरे गाव गाठलं. डोहाच्या काठाशी वाकून तिनं ती पाण्यात सोडली.

वेणी बुडाली नाही. वाहूनही गेली नाही.

उभी राहिली.

मग पाण्यात हळूहळू फिरायला लागली. उलटी. एक पदर सुटला. दुसरा सुटला. कुणाला घाई नव्हती... सात पदर सुटले, केस मोकळे झाले, पाण्यावर पसरले, गेले.

आठवा सुटला नाही. तो ताठ उभा राहिला, खालून कुणी धरल्यासारखा, आणि त्याचं टोक पाण्याबाहेर आलं. वाकलेल्या रंभाच्या हाताशी.